डावी नळी

भादव्यातली उघडीप होती. वडजाईवाडीपासून तीन कोसांची वाट चालून कोंडीबा येडगे कडेगावात नाथाजी हवालदाराच्या सोप्यापुढं आला. खांद्यावर घोंगडी होती आणि घोंगडीत गुंडाळलेली बंदूक. पायताण त्यानं उंबऱ्याबाहेर काढलं आणि तो उभाच राहिला.

"हवालदार हायती का?"

"कोण हाय? या की," नाथाजी म्हणाला.

कोंडीबाला नवल वाटलं. हवालदार समोरच बसला होता, चार हातांवर. तोंडही इकडंच होतं.

"म्या कोंडीबा. वडजाईवाडीचा. गेल्या साली घोडा बसवून दिला हुता न्हवं का तुमी बंदुकीचा?"

"आरं, कोंडीबा व्हय! उजेड तुज्या पाठीमागं हाय, म्हनून वळाकलं न्हाई. बस, बस."

आतल्या दाराशी तांदूळ निवडत बसलेल्या मनुबाईनं एकदा नवऱ्याकडं बघितलं आणि पुन्हा सुपात मान घातली.

नाथाजीनं बावीस वर्षं पलटणीत बंदुका दुरुस्त करण्यात काढली होती. पेन्शनीत आल्यावर त्यानं घराच्या सोप्यातच शेगडा, ऐरण आणि पकडीचं दुकान मांडलं. दुरुस्तीचा सरकारी परवाना काचेत घालून भिंतीला लावला. विट्यापासून कराडपर्यंत कुणाची नळी चेपली, घोडा मोडला, दस्ता फुटला की बंदूक त्याच्याकडं यायची. पण दोन वर्षांमागं उजव्या डोळ्यापुढं धुकं आलं आणि या शिमग्यापासून डावाही गढूळ झाला. ही गोष्ट घराबाहेर कुणाला माहीत नव्हती. मनुबाई म्हणायची, मिरजेला जाऊन डोळा दाखवू. तो म्हणायचा, एकदा डोळ्यावर पट्टी बघितली की कोण बंदूक आणून देईल?

कोंडीबानं बंदूक त्याच्या मांडीवर ठेवली. जुनी इंग्रजी दुनळी होती, वर दोन घोडे. कोंडीबाच्या बापानं ती एका इनामदाराच्या घरातून घेतली होती. असल्या नळ्या लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या एकत्र पिळून केलेल्या असतात. नाथाजीची बोटं दस्त्यावरून पुढं सरकली.

उजव्या नळीला तोंडाजवळ पोचा होता. "ही पडली कुठं?"

"धोंड्यावर. बांधावरनं घसारलो."

बोटं डाव्या नळीवर आली. खालचं लाकूड संपतं तिथं पुढं दोन बोटांवर ती थांबली. तिथं नळी फुगली होती. अंगठीएवढा उंचवटा, पण सगळ्या बाजूंनी.

"आन् हे?"

कोंडीबा ओशाळला. "दारू जरा वलसर हुती. पैला बार फुसका गेला. काडतुसातली नमद्याची चकती नळीतच आडकली आसनार. मला काय कळलं न्हाई. म्या मागनं दुसरं काडतूस घातलं."

"मग फुगंल न्हाई तर काय हुईल?"

"व्हय जी."

नाथाजीनं फुगवट्यावरून अंगठा फिरवला. पोचा काढणं वेगळं. चेपलेलं लोखंड आतून आधार देऊन वर उचललं की बसतं जागेवर. फुगलेल्या जागी लोखंड ताणलेलं असतं, पातळ झालेलं असतं. ते ठोकून खाली बसवलं तरी गेलेली जाडी परत येत नाही. पलटणीत फुगलेली नळी मोडीत टाकायचा हुकूम होता.

"उजवी करून देतो. डावीत काडतूस घालू नगंस."

"आवं, आसं नगा म्हनू." कोंडीबा पुढं सरकला. "दुष्काळात मेंढरं गेली. आता चार एकर मुरमाड रान ऱ्हायलंय. दोन सालांनी भुईमूग धरलाय आन् डुकरांचा कळप उतरतुया डोंगरातनं. एका बारानं ती बिथरत्यात, पर जात न्हाईत. बांधावर हुबं ऱ्हाऊन बघत्यात. दुसरा बार मागोमाग वाजला तरच पळत्यात. माजी कारभारीन डबा बडवून बडवून दमली." तो थांबला. "म्या विट्यात इचारलं. तितली मानसं म्हनली, हे काम कडेगावच्या हवालदाराबिगार कुनाला जमायचं न्हाई."

गेल्या तीन महिन्यांत नाथाजीकडं एकही बंदूक आली नव्हती. त्यानं फुगवट्यावरून पुन्हा अंगठा फिरवला.

"आठ दिसांनी ये," तो म्हणाला.

•

पोचा दीड दिवसात निघाला. नळीच्या मापाच्या पितळी गुल्ल्यांची पेटी नाथाजीकडं होती, एकीपेक्षा दुसरी केसभर जाड. तेल लावलेली गुल्ली आत सरकवून बरोबर पोच्याखाली आणायची, बाहेरून तांब्याच्या हातोडीनं भोवती हलके टोले द्यायचे, ती सैल झाली की पुढची जाड गुल्ली घालायची. या कामाला डोळा लागत नाही. हाताला सगळं कळतं.

डाव्या नळीला मात्र तीन दिवस लागले. आत पोलादी कांब घालून तो फुगवटा चहूबाजूंनी ठोकत होता. टोला एवढासाच, पण हजारदा. मनगट भरून यायचं, मान आखडायची. मनुबाई दुपारी येऊन शेगड्यावर तेलाची वाटी कोमट करून द्यायची आणि तो मनगट चोळत बसायचा. चौथ्या दिवशी बाहेरून बोट फिरवलं तर उंचवटा लागेना.

आता नळी आतून वाचायची होती. नळी दाराकडं धरून आत बघितलं की दाराच्या चौकटीची सावली नळीभर सरळ रेघेसारखी पडते. जिथं रेघ वाकडी होते तिथं नळी वाकडी. जिथं तुटते तिथं तडा. नाथाजीनं नळी डोळ्याला लावली. त्याला दिसला नुसता पांढरा उजेड, ताकासारखा. त्यानं डोळा पुसला, नळी फिरवली, पुन्हा लावली. रेघ नव्हती.

मनुबाई चहाचा पेला घेऊन उभी होती. पस्तीस वर्षांच्या संसारात तिनं त्याला हे हजारदा करताना बघितलं होतं. रेघ म्हणजे काय तेही तिला ठाऊक होतं.

"आवं, मी बघू का जरा?"

"तू?"

"तुमी सांगा कसं बघायचं ते. मी दिसंल ते सांगंन."

"चूल बघ तुजी," नाथाजी म्हणाला. "सरकारी परवाना तुज्या नावचा हाय का माज्या?"

तिनं पेला ऐरणीवर ठेवला आणि ती आत गेली.

मग त्यानं नळ्या सुतळीनं आढ्याला टांगल्या आणि लाकडी मोगरीनं हलका टोला दिला. धड नळ्या घंटेसारख्या वाजतात, नाद लांबत जातो. नाद निघाला आणि मध्येच बसला, कुणी हात लावून थांबवावा तसा.

नाथाजी मोगरी धरून उभा राहिला. दुसरा टोला दिला. तसंच.

दोन नळ्यांना जोडणारी मधली पट्टी सैल झाली तरी नाद बसतो. पट्टी जुनी होती, तिचा कथलाचा डाग कुठं ना कुठं सुटलेला असणारच. पट्टीच असेल, तो स्वतःशी म्हणाला. तिसरा टोला त्यानं दिला नाही.

कोंडीबा आला त्या दिवशी त्यांनी ओढ्यावर जाऊन बंदूक बाभळीच्या खोडाला बांधली, घोड्याच्या चापाला लांब दोरी लावली आणि आडोशाला बसून ओढली. डाव्या नळीतून बार निघाला. धूर विरला. नळी होती तशी होती.

"आनखी दोन वाजवू," नाथाजी म्हणाला. त्याची रीत तीनची होती.

"हवालदार, चारच काडतुसं हायती. सगळी हितंच वाजवली तर डुकरास्नी काय दावू?"

नाथाजीनं दोरी गुंडाळली.

"काडतुसात दारू बेतानंच भर बरं का."

"बाच्या मापानं भरतो. त्याच्या भायेर न्हाई."

कोंडीबानं वाकून नमस्कार केला, बंदूक घोंगडीत घेतली आणि भराभरा वाटेला लागला.

•

पितृपंधरवडा सरत आला तेव्हा बातमी कडेगावात पोचली. वडजाईवाडीच्या धनगराच्या हातात बंदूक फुटली. डाव्या हाताची तीन बोटं गेली, तळव्याचं मांस गेलं, अंगठा आणि करंगळी तेवढी राहिली. बैलगाडीत घालून त्याला रस्त्यापर्यंत आणलं आणि तिथून सांगलीला दवाखान्यात.

नाथाजी न्हाव्याकडं दाढीला बसला होता. न्हावी म्हणाला, "दारू जास्त ठासली म्हनं. डुकरांनी येडा केला हुता त्येला."

"व्हय की," बाकड्यावरचा एकजण म्हणाला. "हवालदारांनी नळी तर चोख करून दिली हुती."

नाथाजीनं मान तशीच वर धरली. वस्तरा गळ्यावर होता. घरी आल्यावर तो जेवला नाही. मनुबाईनं विचारलं, "सांगलीला जाऊन यायचं का?" त्यानं मान हलवली, पण ती होय म्हणून की नाही म्हणून ते तिला कळलं नाही. दिवसभर तो पितळी गुल्ल्या पेटीतून काढून पुसत बसला, पुन्हा पेटीत लावत बसला.

घटस्थापना झाली आणि ठाण्यातून शिपाई आला. फौजदारसाहेबांनी बोलावलंय, फुटलेली बंदूक बघून अभिप्राय द्यायचा आहे. भागात परवान्याचे दुरुस्तीवाले तुम्हीच.

"डोळ्यात कचरा गेलाय," नाथाजी शिपायाला म्हणाला. "मंडळीस्नी संगं आनतो."

ठाण्यात फौजदारानं त्याला खुर्ची दिली. टेबलावर पोतं अंथरून वर बंदूक ठेवली होती. फौजदार तरुण होता, बोलायला मऊ.

"हवालदार, तसं अवघड काही नाही. जखमीनं स्वतःच जबाब दिलाय की दारू जास्त पडली असेल. त्याचा बंदुकीचा परवाना रद्द होईल, हयगयीचा खटला होईल. तुमचा दोन ओळींचा अभिप्राय जोडला की कागद पुढं पाठवतो."

नाथाजीनं फुटलेल्या नळीवर हात ठेवला. लोखंड सालीसारखं उलटलं होतं. फाटलेली कड बोटाला कापत होती. फुगवटा होता तीच जागा. बोटांनी तेवढं सांगितलं. पुढचं बोटांना सांगता येत नव्हतं.

"मनू," तो हळू म्हणाला, "हकडं ये. ही कड बघ. रंग सांग."

मनुबाई वाकली. तिनं नळी खिडकीकडं वळवली.

"पांढरी हाय. चकाकतीया. नव्या पत्र्यावानी."

"सगळी?"

"न्हाई. हितंवर पांढरी. हितनं म्होरं काळी हाय."

"धुरानं?"

तिनं पदरानं पुसलं, बोटानं घासलं. "धूर बोटाला लागतो. हे लागत न्हाई. तांबूस काळं हाय. गंजल्यालं."

"किती लांब?"

"माज्या आंगठ्याच्या पेराएवडं."

फौजदार कागद चाळत होता. त्याला यातलं काही कळत नव्हतं. नाथाजीनं नळी पोत्यावर ठेवली आणि हात मांडीला पुसले.

"साब, दोन दिस द्या. मानसाला भेटून मग लिवून देतो."

"भेटायची काय गरज? बरं, परवा या."

घराकडची निम्मी वाट झाली. मग मनुबाई म्हणाली, "काळं म्हंजी काय वो?"

"नवं फाटलं ते पांढरं. काळं ते जुनं. पैल्यापास्नं तडा हुता तितं. नळी माज्या हातात हुती तवाबी हुता."

मनुबाई चालता चालता थांबली. नाथाजीही थांबला.

"तुमास्नी दिसला न्हाई," ती म्हणाली. "तुमी मुद्दाम थोडंच केलं? डोळ्यांचा काय गुन्हा?"

त्यानं तोंड दुसरीकडं वळवलं. मग म्हणाला, "चल."

•

दुसऱ्या दिवशी उन्हं वर यायच्या आत ती दोघं वडजाईवाडीच्या माळावर पोचली. पाऊस उघडून पंधरा दिवस झाले होते आणि मुरमाड जमीन दगड झाली होती. धोंडुबाई, कोंडीबाची बायको, एकटी भुईमूग उपटत होती. दोन्ही पाय रोवून वेल ओढायची. वेल आला तरी निम्म्या शेंगा मातीतच राहायच्या. मग ती खुरप्यानं उकरायची. बांधावर कोंडीबा बसला होता. डावा हात गळ्यात बांधलेला, कोपरापर्यंत पांढरी पट्टी, तिच्यावर पिवळे डाग. वेल मांडीखाली दाबून धरून तो उजव्या हातानं शेंगा तोडत होता.

हवालदाराला बघून तो उठायला लागला आणि तोल जाऊन पुन्हा बसला.

"कशाला आला एवढ्या लांब? म्याच येनार हुतो." तो घाईघाईनं बोलत होता. "हवालदार, तुमचं नाव खराब केलं म्या. तुमी सांगितलं हुतं, बेतानं भर म्हनून. बाच्याच मापानं भरली हुती, पर हात जड पडला आसंल. दुसरं काय आसनार? मला माफ करा."

नाथाजीनं पायताण काढून बांधावर ठेवलं.

"रोज ह्येच," धोंडुबाई वेल झटकत म्हणाली. "दवाखान्यातबी ह्येच. माजीच चूक, माजीच चूक. चूक म्हनून हात परत येतोय व्हय?" तिच्या तळव्यांना फोड आले होते आणि फुटले होते. तिनं लुगड्याची चिंधी हाताला गुंडाळली आणि ती पुढच्या पातीला गेली.

मनुबाईनं कासोटा खोचला आणि काही न विचारता तिच्या शेजारची पात धरली. नाथाजीही बसला. वेलाचं बूड हाताला लागायचं, ओढलं की उपसायचं. सैन्यातला माणूस, पासष्टीला आलेला, उन्हात वाकून वेल उपटत होता. कोंडीबा बांधावरून पुन्हा पुन्हा म्हणत होता, "आवं, ऱ्हाऊ द्या. तुमी पाव्हनं. ऱ्हाऊ द्या की." धोंडुबाई वेल ओढत राहिली. काम होत होतं.

उन्हं डोक्यावर आल्यावर धोंडुबाईनं फडकं सोडलं. बाभळीच्या सावलीत चौघं बसली. तिनं प्रत्येकाच्या हातावर भाकरी ठेवली, वर हिरव्या मिरचीचा खरडा. कोंडीबा एका हातानं भाकरी मोडू शकत नव्हता. तिनं ती मोडून त्याच्या पुढ्यात तुकडे ठेवले.

नाथाजीनं हातातली भाकरी खाली फडक्यावर ठेवली.

"कोंडीबा, आधी ऐक. मग खाऊ द्यायचं का न्हाई ते तुमी ठरवा." तो म्हणाला. "नळीत तडा हुता. जुना. तुजी फुटल्याली बंदूक काल बघितली. कड गंजून काळी पडलीया. तडा घिऊनच ती माज्याकडनं तुज्याकडं आली."

कोंडीबा बघत राहिला.

"मला दोन सालं नीट दिसत न्हाई. मोतीबिंदू हाय. नळीत बघितलं तवा मला काय बी दिसलं न्हाई."

"मग तुमचा तरी काय इलाज?" कोंडीबा चाचरत म्हणाला. "दिसलंच न्हाई तर..."

"दिसलं न्हाई. पर ऐकू आलं."

मनुबाईचा घास हातातच राहिला.

"नळी टांगून टोला दिला की नाद लांबतो. हिचा बसला. दोनदा बसला. तडा आसला की आसंच हुतं, हे मला बावीस वर्सं ठावं हाय. म्या म्हनलं, पट्टी सैल आसंल. तिसऱ्यांदा वाजवून बघितलं न्हाई. बंदूक तुला दिली. तवा मला कळत हुतं."

तोडलेल्या शेंगांच्या ढिगावर साळुंक्या उतरल्या आणि उडाल्या. कोंडीबा गळ्यातल्या हाताकडं बघत होता. मग त्यानं मान वर केली.

"म्हंजी माजं माप बरूबर हुतं?"

"व्हय. तुजं माप बरूबर हुतं."

कोंडीबानं मान हलवली. दोनदा, तीनदा हलवली. त्याचा चेहरा वाकडा झाला आणि त्यानं तो उजव्या दंडावर दाबून धरला.

धोंडुबाई उठली. नाथाजीच्या पुढ्यातली भाकरी तिनं उचलली, फडक्यात बांधली आणि गाठ मारली.

"उठा," ती म्हणाली. "आमच्या रानातनं जावा."

•

परतीच्या वाटेवर मनुबाई पुढं चालत होती. रोज ती त्याच्या अर्धं पाऊल पुढं असायची, दगड आला की "दगुड" म्हणायची, खड्डा आला की "खड्डा". आज ती वीस पावलं पुढं होती आणि काही म्हणत नव्हती. नाथाजी तिच्या जोडव्यांच्या आवाजावर चालत होता. दोनदा ठेचकाळला. एकदा गुडघ्यावर पडला, तळहात सोलले. तिनं मागं वळून बघितलं आणि ती उभी राहिली. पण तो स्वतःचा स्वतः उठेपर्यंत जवळ आली नाही.

ओढ्याला पाणी होतं. तिथं मात्र ती थांबली. तो आला तशी तिनं त्याचं मनगट पकडलं आणि त्याला पलीकडं नेलं. पलीकडं गेल्यावर मनगट सोडलं.

"मी म्हनलं हुतं, मी बघते," ती म्हणाली. त्या दिवशी ती एवढंच बोलली.

दुसऱ्या दिवशी नाथाजीनं ठाण्यात जबाब दिला. तडा, डोळे, टोल्याचा नाद, एका बारावर केलेली पारख, काही ठेवलं नाही. फौजदारानं मध्येच लेखणी थांबवली.

"हवालदार, तुम्हाला कळतंय ना काय सांगताय? टोल्याचं कुणी विचारलेलं नाही. तडा दिसला नाही एवढं लिहिलं तरी पुरे. दुरुस्तीचा परवाना जाईल. खटला तुमच्यावर होईल."

"लिवा, साब."

सहीच्या वेळी त्याला ओळ सापडेना. मनुबाईनं त्याचं बोट धरून कागदावर टेकवलं.

त्याच दिवशी शिपाई घरी आले. ऐरण, पकड, तांब्याच्या हातोड्या, गुल्ल्यांची पेटी यांची यादी करून सगळं पोत्यात भरलं. भिंतीवरचा परवाना काचेसकट नेला. भिंतीवर तेवढा चौकोन पांढरा राहिला. आळीतली माणसं दारात उभी राहून बघत होती. न्हावीही होता. कुणी काही विचारलं नाही, आणि दुसऱ्या दिवसापासून नाथाजी रस्त्यानं निघाला की बाकड्यावरचं बोलणं थांबायचं. खटला पुढं विट्याच्या कोर्टात वर्षभर चालला आणि त्याला दंड झाला. कोंडीबावरचं प्रकरण मात्र त्याच आठवड्यात बंद झालं.

सामान नेल्याच्या दुसऱ्या दिवशी नाथाजी पहाटेच उठला. काठी घेतली.

"कुठं?" मनुबाईनं विचारलं.

"शेंगा ऱ्हायल्यात काढायच्या."

"ती हाकलून देईल."

"दिऊ दे."

मनुबाईनं जरा वेळ चुलीकडं बघितलं. मग दोन भाकरी थापल्या, फडक्यात बांधल्या, वळचणीचं खुरपं काढलं आणि ती निघाली.

धोंडुबाईनं त्यांना बांध ओलांडताना बघितलं. ती काम करत राहिली. नाथाजी बांधाच्या आत एक पाऊल टाकून उभा होता, काठीवर दोन्ही हात ठेवून. ऊन चढेपर्यंत उभा होता. कोंडीबानं दोनदा बायकोकडं बघितलं. शेवटी ती न बघताच म्हणाली,

"उपटल्याल्या रानात बसा. शेंगा मातीत ऱ्हायल्यात. हातानं चाचपून काढा. एकबी ठिवायची न्हाई."

तो बसला. मुरूम नखात घुसायचा, बोटांची टोकं सोलायची. ढेकूळ फोडायचं, माती चाळवायची, शेंग काढून ओच्यात टाकायची. दुपारी तिनं त्यांना सावलीत बोलावलं नाही. मनुबाईनं आणलेली भाकरी दोघांनी बांधावर बसून खाल्ली. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी कोंडीबा पाण्याचा तांब्या घेऊन आला आणि नाथाजीच्या जवळ ठेवून गेला. धोंडुबाईनं ते बघितलं आणि ती पुन्हा वेल ओढायला लागली.

पाचव्या दिवशी रान रिकामं झालं. पुढचे चार दिवस शेंगा वाळवून पोत्यात भरल्या. आता पोत्यांची तोंडं शिवायची होती. धोंडुबाईच्या फुटलेल्या तळव्यात दाभण धरवत नव्हता, मनुबाई वेलांच्या पेंढ्या बांधत होती. कोंडीबानं दाभणात सुतळी ओवून घेतली, दात आणि एका हातानं, आणि तो पोत्याजवळ नुसता बसून राहिला. तोंड दाबून धरायलाच एक हात लागत होता.

नाथाजी आवाजाच्या रोखानं सरकत आला. त्यानं हात पुढं केला. कोंडीबानं थोडा वेळ त्या हाताकडं बघितलं आणि दाभण त्याच्या बोटांत दिला.

"म्या तोंड धरतो. तुमी घाला."

"कुठं?"

"जरा वर. हितं. न्हाई, ह्या अंगाला. हां. आता वढा."

नाथाजीनं सुतळी ओढली. कोंडीबानं पोत्याचं तोंड पुढं सरकवलं. असं एक पोतं शिवून झालं, दुसरं झालं. ऊन उतरू लागलं होतं. तिसरं संपल्यावर धोंडुबाई आली. तिनं एकेक पोतं आडवं करून शिवणीवर हात फिरवला. पहिलं बघितलं, दुसरं बघितलं. तिसऱ्यावर तिचं बोट थांबलं.

"ह्यो टाका सैल हाय," ती म्हणाली. "उसवा."

नाथाजीनं टाका चाचपला, उसवला आणि पुन्हा घालायला दाभण वर केला.

"कुठं, कोंडीबा?"

"हितं," कोंडीबा म्हणाला.